कपाट पोचवताना

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
फोनवर बोलायला तोंड राहिलं नाही, म्हणून लिहितोय. काल बंगल्यांच्या हिरवळी कापून परत येताना उतारावर गाडीमागची ट्रॉली सुटली. जोडाची खिटी मीच घाईत अर्धवट लावली होती. ट्रॉली घरंगळत गेली ती थेट कोपऱ्यावरच्या शिंपीकाकांच्या दुकानात. काका दारात काजं करत बसले होते. उजवा हात दोन ठिकाणी मोडला. शिंप्याचा उजवा हात, ताई! गवताच्या ढिगातून त्यांना ओढून काढलं, तर तेच मला विचारतात, तुला लागलं नाही ना?

गाडीचा विमा घरगुती वापराचा आहे. धंद्याचा घे म्हणून एजंटाने बजावलं होतं. हप्ता जास्त, म्हणून मी आज-उद्या करत राहिलो. गाडी धंद्याची हे कळलं तर कंपनी हात वर करील, आणि काकांचं ऑपरेशन त्यावरच अवलंबून आहे. गवत कापायचं मशीन आणि सांडलेलं गवत मी लगेच हलवलं. विम्याकडून तपासायला आलेल्या सर्व्हेअरला सांगून बसलोय की ताईचं कपाट पोचवायला निघालो होतो. त्याचा तुला फोन येईल. एवढं एकदा सांभाळून घे.

भावोजींना नमस्कार. माझी लायकी नसली तरी तुझी माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
गवत्या

९ मार्च

चि. गवत्यास,
अ. उ. आ.
फोन आला. तू पढवलंस तसं बोलले. तुझ्यावर पांघरूण घालायची मला सवयच आहे, पण आजवरची पांघरुणं घरातल्या घरात होती. त्याने कपाट केवढं विचारलं, तर मी तीन दारांचं, आरशाचं सांगून मोकळी. आरसा कशाला बसवला देव जाणे! तो म्हणाला, काकू, तुमचा शब्द पुरे. त्यापेक्षा त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. हे पेपरामागून एवढंच म्हणाले की कपाट ठेवणार कुठे?

काकांकडे जातोस ना? दारातून डोकावून पळू नकोस. तब्येतीला जप, अक्कल राहिली असेल तर तिलाही.
तुझी,
ताई

१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.
काकांकडे गेलो होतो. हात गळ्यात बांधून बसले होते. सर्व्हेअर त्यांच्याकडेही येऊन गेला होता. ताई, काका स्वतः गवताखाली गाडले गेले होते, तरी त्यांनी कपाटच होतं म्हणून सांगितलं. का, विचारलं, तर म्हणाले, तुझा धंदा बसला असता रे. धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

तसाच उठून विमा कचेरीत गेलो आणि सगळं खरं सांगून टाकलं. सुटलो असं वाटलं. विम्याचे पैसे गेले, म्हणून मोठं मशीन विकलं आणि त्यावर ऑपरेशनची तारीखही ठरवली. ते सांगायला गेलो, तर काकांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. म्हणाले, तू खरं बोलून मोकळा झालास. खोटा पडलो तो मी. आयुष्यात कुणाच्या मापात पाप केलं नाही, आता त्या विमावाल्यापुढे कोणत्या तोंडाने उभा राहू? मला आधी विचारायचंस तरी. परत येऊ नकोस म्हणाले.

मी तुलाही विचारलं नव्हतं. रागाव, पण उत्तर लिही.
तुझा,
गवत्या

१९ मार्च

चि. गवत्यास,
अ. उ. आ.
खरं बोललास ते बरंच केलंस. पण स्वतःची पाटी पुसताना आम्हा दोघांच्या अंगावर खडू उडवलास.

मीच सर्व्हेअरला फोन केला, कपाट नव्हतं म्हणून सांगितलं. शिंपीकाका स्वतःसाठी खोटं बोलले नाहीत, एवढं तरी कागदावर लिहा म्हटलं. फॉर्मात त्याला रकाना नाही, म्हणाला.

शनिवारी सकाळच्या बसने येतेय. तसंच काकांकडे जाऊ. तिथे आपल्या खरेपणाचं कौतुक सांगत बसू नकोस. मी तुमची अब्रू तुम्हाला न विचारता खर्चली, एवढंच म्हण आणि गप्प राहा. दार उघडलं नाही तर पायरीवर बसू. हाकललं तर रविवारी पुन्हा जाऊ. मला चार दिवसांची सुट्टी आहे.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही घेऊन येतेय.
तुझी,
ताई