नाडीविरुद्ध

५ नोव्हेंबर, बुध.

दिवसभर कात्री चालू. नवऱ्याने, विलासने, राखोलीच्या गिरण्यांतले किलोवर मिळणारे सुती तुकडे आणलेत. आमच्या भाड्याच्या खोल्यांच्या लाइनीतल्या मुलींसाठी स्कर्ट शिवतेय. सोपं काम: आडवा रुंद तुकडा, बाजूला एक शिवण, वर नेफा, नेफ्यात इलॅस्टिक. खाली चांगली चार बोटं दुमड, म्हणजे मुलगी वाढली की उसवून लांब करता येतो. प्रत्येक स्कर्टला खिसा. खिशाबाबत तडजोड नाही. मुलींच्या कपड्यांना खिसा नसतो, कारण मुलीजवळ स्वतःचं काही असेल असं शिवणाऱ्याला वाटतच नाही. (हे महिला मंडळाच्या सभेत बोलायचं.)

विलास: "वक्त्या बाई, आधी टीप सरळ घाला, क्रांती मग."

टीप वाकडीच होती. उसवली.

६ नोव्हें., गुरु.

हा उद्योग का मांडला, ते एकदा लिहून ठेवते.

दिवाळीच्या सुट्टीत ओट्यावर बसून पाहत होते. लाइनीतल्या सगळ्या मुली सलवारीत. लंगडी रंगात आलेली असते आणि एखादी एकदम डाव सोडून पळते. नाडीची गाठ बसलेली, स्वतःला सुटत नाही. आई कंपनीत. मग दारोदार, "काकू, सोडा ना." परवा लाइनीतल्याच सरलाची पिंकी पोचेपर्यंत ओली झाली आणि बाकीच्या हसल्या. चांगली दहा वर्षांची मुलगी. लघवीला जायला तिला दुसऱ्या बाईची नखं लागतात.

पोशाखाच्या इतिहासावर हाती लागलं ते सगळं वाचलंय. राजांच्या पगड्या आहेत, राण्यांचे शेले आहेत. मुलगी स्वतःचा कपडा स्वतः सोडू-बांधू कधी लागली, यावर एक ओळ नाही. म्हणजे ते कुणाला महत्त्वाचं वाटलेलं नाही. मला वाटतं.

नाडी दुसरा बांधतो. इलॅस्टिक आपलं आपण वर-खाली होतं. यात सगळं आलं.

८ नोव्हें., शनि.

पहिली खेप तयार. घोळ दोन. एक, पिंकीच्या नेफ्यात इलॅस्टिक पिळलं गेलं, कंबरेवर दोरखंडासारखं दिसतं. आता सेफ्टी पिनने सरकवताना दुसऱ्या हाताने सपाट धरते आणि शेवटी बाजूच्या शिवणीवर उभी टीप मारते, म्हणजे आत फिरत नाही. दोन, मोरांच्या छापाचं कापड मी उलटं धरून कापलं. सगळे मोर डोक्यावर.

पिंकी म्हणाली, "काकू, मी खाली वाकले की ते सरळ दिसतात." आणि वाकून दाखवलं. तोच तिला हवा. मोरांचा प्रश्न मिटला.

संध्याकाळी कोमल दाराशी. लताची मुलगी, बारा वर्षांची, शेजारच्या खोलीतली. आई-बाप दोघंही राखोलीच्या कंपनीत, लता पॅकिंगला. शाळा दुपारची, म्हणून सकाळभर एकटी असते. निळ्या तुकड्यावरून हात फिरवत राहिली.

"तुला शिवू?"

"आई नको म्हणते."

सलवारीची नाडी पाहिली. एकावर एक दोन गाठी, ओढून घट्ट.

"कोण बांधतं एवढी?"

"आई. कामाला जायच्या आधी."

हाताने माप घेतलं तिचं, टेप न लावता. निळा तिच्यासाठी बाजूला ठेवलाय.

९ नोव्हें., रवि.

नळावर सगळ्या होत्या. राहवलं नाही. बोलले. चांगली बोलले, कळशा भरून वाहत होत्या तरी कुणी हललं नाही. नाडी म्हणजे काय, मुलीच्या अंगावरचा ताबा कुणाकडे, सगळं. शेवटी लताकडे वळून म्हणाले, "मुलगी आहे ती. पोत्याचं तोंड आवळावं तशी काय बांधतेस रोज?"

बायका हसल्या. लताने हंडा उचलला आणि गेली. अर्धाच भरला होता.

मला वाटलं, लागलं बरोबर ठिकाणी.

११ नोव्हें., मंगळ.

कोमल फिरकली नाही. दार बंद. खेळायलाही नाही. बाकी मुली स्कर्टात, खिशात चिंचोके, गोळ्या, एकीच्या खिशात चक्क सरडा निघाला.

निळा शिवून झाला. खिळ्याला टांगलाय. जुन्या विचाराची बाई, मुलगी "मोठी" झाली की तिला गुंडाळून ठेवणारी. अशांशी मी आयुष्यभर भांडत आलेय. हिच्याशीही भांडेन.

१२ नोव्हें., बुध.

नीट लिहायला पाहिजे, जसं झालं तसं.

लता आली. कामावरून थेट, चपला हातात. आत ये म्हटलं, आली नाही. उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलली.

"ताई, त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर बोलल्या. मले भाषण येत नाही. एक सांगते नि जाते. इलॅस्टिक ओढलं की खाली येतं. नाडी सोडाले टाइम लागतो. तेवढ्या टाइमात पोरगी वरडते."

मी स्टूल उंबऱ्याजवळ सरकवलं. ती उभीच.

"लाइनीच्या टोकाच्या बाथरूमची कडी तुटली. दिवाळीच्या आधी कोणीतरी दार ढकललं. ती आत होती. वरडली, तो पळाला. तोंड दिसलं नाही. तिचे बाबा म्हणे, गप राहा, पोरीचं नाव खराब होईल. मी गपच आहे. मग मी काय करू? कामाले तर जायचंय. दोन गाठी मारते नि जाते."

मग म्हणाली, "पोतं नाही ती."

गेली.

१३ नोव्हें., गुरु.

सकाळी पहिलं काम, ते बाथरूम पाहिलं. इतकी वर्षं या लाइनीत राहते, तिथे पाऊल ठेवलं नव्हतं. कोपऱ्यातली आमची खोली दोन खणांची, बाथरूम आत. बाकी सगळ्यांना एकच. पत्र्याचं दार. कडीच्या जागी तारेचा आकडा, तो बाहेरून काडीनेसुद्धा निघतो. दिवा नाही. मागे मोकळं रान आणि पुढच्या बांधकामावरच्या मजुरांची वाट.

सरलाला विचारलं, तुम्ही कशा जाता? "दोघी-दोघी जातो, ताई. एक बाहेर उभी राहते." आणि एकटी असली तर? "एकटी असली तर जात नाही."

हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी त्यांना नाडीवर व्याख्यान दिलं.

माझं म्हणणं चुकीचं नाही. आजही म्हणते, मुलीला तिचा कपडा तिच्या हातात हवा. पण मी गाठीशी भांडत होते आणि दार उघडं होतं. आता दाराशी भांडायचं.

मग लता नळावर यायची वाट पाहिली. सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून माफीही नळावर मागितली, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "बरं." एवढंच. पाणी भरत राहिली. बरं केलं तिने. तिने लगेच गळ्यात पडावं असं मी काही केलेलं नाही.

१५ नोव्हें., शनि.

लाइनीचे मालक, शेठ, भाडं घ्यायला आले तेव्हा गाठलं. लताचं, कोमलचं नाव कुठेही घेतलं नाही. फक्त कडी, दिवा, नवं दार.

"बेन, मारी लाइनमां बधां घर जेवां छे. सब घर के जैसे हैं, यहाँ किसका डर?"

म्हटलं, तुमच्या घरातल्या बाथरूमला कडी आहे ना?

चेहरा उतरला. मग हसून, "अब तक किसी ने कंप्लेंट नहीं किया. आप अकेली को ही तकलीफ है. आपको तो अंदर बाथरूम दिया है ने?"

हे मात्र त्यांनी अचूक पकडलं. पण मागे सरला येऊन उभी राहिली, मग पलीकडच्या खोलीतली सोनूची आई. नुसत्या उभ्या राहिल्या. शेठ म्हणाले, "जोऊं छुं." बघतो. हे बघतो मला चांगलं माहितेय.

विलास घरी आल्यावर: "भाषण संपल्यावर लोक घरी जातात. आपलं घर इथेच आहे. आणि ते शेठचं आहे."

म्हटलं, म्हणूनच.

त्याने हत्यारांचा डबा खाली काढला. मग विचारलं, "कडी केवढी लागेल?"

१६ नोव्हें., रवि.

विलासने डोकमर्डीच्या हार्डवेअरवाल्याकडून जाड कडी आणली, आतून लागणारी. मी म्हटलं, शेठनेच लावली पाहिजे, तत्त्वाचा प्रश्न आहे. सरलाने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तत्त्व येईल तेव्हा येऊ द्या, मला आत्ता आंघोळीला जायचंय."

बसवली. लताला सुट्टी होती, तिने दार धरलं, विलासने भोकं पाडली, मी स्क्रू पिळले. हात सोलला. पोरींनी एकेक करून आत जाऊन कडी लावून बघितली. खट्, खट्, खट्. कोमल शेवटी गेली. खूप वेळ आलीच नाही. लता दाराकडे बघत उभी. आतून हाक: "आई, ढकल."

लताने खांदा लावून ढकललं. दार हललं नाही.

"अजून ढकल."

१८ नोव्हें., मंगळ.

शेठचा माणूस भावेश आला. मोटरसायकलवर बसूनच बोलला. "पूछे बिना दरवाजे में होल किया. शेठ बोला है कडी निकालो, नहीं तो महिने के आखिर में खोली खाली."

विचारलं, किती खोल्या?

"सिर्फ आपकी."

म्हणजे कडी नको म्हणून नाही. विचारलं नाही म्हणून. सगळ्या लाइनीत एका बाईने न विचारता भोक पाडलं, हे त्यांच्या डोक्यात बसत नाहीये. बसायला हवं.

विलासने दुसरी खोली शोधायची का म्हणून विचारलं, इथेच सामरवरणीत, पुढे नव्या बिल्डिंगा होतायत तिकडे. म्हटलं शोध हवी तर, पण मी इथून कडी काढून जाणार नाही. तो म्हणाला, "तुला कुठे विचारलं काढ म्हणून?"

सभेसाठी दोन पानं लिहिली होती, खिशावर, नाडीवर. आज वाचून पाहिली. पहिल्या पानाला हात लावला नाही. दुसरं नव्याने लिहायचं.

२० नोव्हें., गुरु.

लता निळा स्कर्ट मागायला आली. हातात घेऊन नेफा ताणून पाहिला, सोडला, परत ताणला.

"यात नाडीबी घालून द्या, ताई. दोन्ही."

मी नाही म्हणणार होते. मोठं कारण होतं माझ्याकडे. मग म्हटलं, घालते.

मागून कोमल: "मला नको."

"तू गप."

"मला नको नाडी. मी कडी लावीन."

लता माझ्याकडे बघते, मी लताकडे. मी तोंड उघडलं नाही. लिहून ठेवण्यासारखी गोष्ट आहे, मी तोंड उघडलं नाही.

लता म्हणाली, "मी घरी असेल त्या दिवशी घाल. ड्यूटीच्या दिवशी नाही."

कोमल: "ड्यूटीच्या दिवशीच तर पाहिजे."

लता स्कर्ट घडी करून घेऊन गेली. नाडी न घालता दिलाय. काय ठरवते, तिचं ती.

२२ नोव्हें., शनि.

लताची सकाळची शिफ्ट. तिचं दार वाजलं, मी चहा टाकत होते. रोज ती कोमलला दारात उभी करून गाठी मारते, हल्ली लक्ष जातं म्हणून माझ्या खिडकीतून दिसतं. आज दारात एकटीच आली. चपला घातल्या. दोन पावलं गेली, मागे वळली. माझ्या खिडकीकडे न बघता मोठ्याने म्हणाली, "ताई, तुम्ही घरीच ना?"

"घरीच."

गेली. फाटकापर्यंत तीनदा मागे बघून.

नऊच्या सुमारास भावेश आला, हातात पेचकस. सरळ बाथरूमकडे. दार आतून बंद.

"कौन है अंदर?"

म्हटलं, मुलगी आहे. थांबा.

"कितना टाइम?"

तिला लागेल तेवढा.

तो पायरीवर बसला. मोबाइल काढला. कोमल आली, निळा स्कर्ट, ओले केस, बादली. त्याच्यासमोरून चालत गेली, एकदा स्कर्ट वर ओढून घेतला, एका हाताने, चालता चालता. तो उठेपर्यंत सरला आत. कडी. सरला म्हणजे निदान अर्धा तास, ती आंघोळीत कपडेही धुते. मग सोनूची आई, खोलीतल्या सगळ्या गोधड्या घेऊन.

"ये क्या चल रहा है, मैडम?"

"आंघोळी."

"रोज आऊँगा मैं."

पिंकी म्हणाली, "हम भी रोज नहाते हैं."

त्याला हसू आलं. दाबलं त्याने. शेठला फोन लावला, लांब जाऊन बोलतोय, हातवारे चालू. काय ठरतंय कळत नाही. महिना संपायला आठवडा आहे.

आता बारा वाजायला आले. कोमल शाळेला निघाली. तो अजून पायरीवर. सोनूची आई अजून आत. माझ्या हातात बादली आणि टॉवेल, वही मांडीवर.

पुढचा नंबर माझा.