पार्टाचं नाव घेऊन गेले त्याबद्दल

हिंगोली, रविवार, १४ डिसेंबर २००८

अण्णा,

ही डायरी मागे उलटून पाहिली तेव्हा कळलं, तुम्हाला शेवटचं लिहिलं त्याला तीन वर्षं होऊन गेली. माफ करा. कामात होते असं म्हणता येईल, पण ते खरं नाही. आधी सांगण्यासारखं काही नव्हतं, आणि झालं तेव्हा सांगायची लाज वाटू लागली. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाल्यावर मी मोटारीच्या एका यंत्राबद्दल विचारते आहे, हे तुम्हाला चमत्कारिक वाटेल. पण दुसऱ्या कुणाला विचारलं तर तो आधी किंमत विचारतो आणि मग कुठे मिळतं ते.

मी स्कॅनर घेतला. तुमच्या वेळी आपल्याकडे हे नव्हतं. आताच्या पेट्रोल गाड्यांत इंजिनावर लक्ष ठेवणारा एक छोटा संगणक असतो. काही बिघडलं की समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो, पण काय बिघडलं ते दिवा सांगत नाही. स्टेअरिंगच्या खाली एक सॉकेट असतं, त्यात या यंत्राची वायर खोचायची, की पडद्यावर एक आकडा येतो, आणि सोबतच्या पुस्तकात त्या आकड्यापुढे बिघाडाचं नाव असतं. मागच्या वर्षी नांदेडच्या एका वर्कशॉपने मला तो संगणकच बदलायला सांगितला होता. मी घाबरून गाडी तशीच परत आणली, आणि नंतर कळलं की एक पिन सैल झाली होती. आमच्या कॉलेजातले गणिताचे सर तेव्हापासून मागे लागले होते. गाडी असणाऱ्या प्रत्येकाने स्कॅनर घरात ठेवावा, थर्मामीटर ठेवतो तसा, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटलं, आणि खरं सांगायचं तर अजूनही पुष्कळसं पटतं. बॉनेटखाली काय आहे हे मालकाला कळत नाही, आणि न कळणाऱ्याला कुणीही काहीही सांगतं. दिवाळीच्या आधी मी एका जुन्या विद्यार्थ्याकडून हैदराबादहून तो मागवला. ज्यांनी फसवलं त्यांच्यासमोर, नांदेडला, तो घेऊन जायला हवा होता. मी तो बाळापूरला आपल्या गॅरेजवर घेऊन गेले, तुमच्या चेल्याकडे, ज्याने मला आयुष्यात कधी फसवलं नाही.

गॅरेज म्हटलं की मला तो एकच हिवाळा आठवतो. मी नुकतीच हिंगोलीला नोकरीला लागले आहे आणि रविवारी बाळापूरला येते. तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे, म्हणून तुम्ही वही माझ्या हातात दिली आहे. नांदेड रस्त्याला लागून पत्र्याचं शेड, ऑइलने काळी झालेली जमीन, लोखंडी खुर्चीवर साडी सावरून बसलेली मी, आणि येणारा प्रत्येक ड्रायव्हर आधी माझ्याकडे आणि मग तुमच्याकडे बघतो. गाडीची तकलीफ वहीत लिहून झाल्याशिवाय बॉनेट उघडायचं नाही, आणि ती ड्रायव्हरच्या तोंडच्या शब्दांतच लिहायची, हा तुमचा नियम. कुणी पार्टाचं नाव घेतलं की तुम्ही हात वर करून मला थांबवायचात. सेनगावच्या फेऱ्या मारणारा एक जीपवाला होता, कायम घाईत. त्याने उतरता उतरताच सांगितलं, पंप खराब झालाय, तेवढा काढून बघा. तुम्ही त्याला बाकावर बसवलं. चढावर गाडी काय करते, रिकामी असताना काय करते, कधीपासून, त्याच्या आदल्या दिवशी कुठे नेली होतीस, असं एकेक विचारू लागलात. तो वैतागून माझ्याकडे वळला. "ताई, अण्णाला सांगा, मी सोयरीक घेऊन न्हाई आलो, जीप घेऊन आलो. घराणं काहून इचारून राहिले?" शेडमधले सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि विचारत राहिलात.

त्याच दिवशी तुम्ही मला बोललात. जीपवाला म्हणाला होता, "चढावर दम टाकती, अन् माथ्यावर गेली की काई झालंच न्हाई आसं करती." मी बी.एस्सी. झालेली. मी लिहिलं, 'चढावर डिझेलचा पुरवठा अपुरा.' तुम्ही वाचून दाखवायला सांगितलंत, मी दाखवलं. हे तो बोलला नाही, असं तुम्ही म्हणालात. मी म्हणाले, अर्थ तोच होतो.

"आर्थ मी काढीन. तू त्याचं बोलनं लिव्ह. तूच आर्थ काढलास तर गाडीला काय झालतं ते मला कुठून कळावं?"

सगळ्यांसमोर बोललात म्हणून मला राग आला. पान फाडून पुन्हा लिहिलं आणि दुपारी जेवताना तुमच्याशी बोलले नाही. तुमचा चेला तेव्हा जीपखाली पडून सगळं ऐकत होता. बाहेर येऊन मला हळूच म्हणाला, ताई, तुमचं तर एकच पान फाटलं, माझी दोन वरसं फाटली आसतील.

तुमच्यानंतर गॅरेज त्याने चालवलं. वही मात्र सहा महिन्यांत बंद पडली. त्याला लिहायला वेळ लागतो, आणि त्याने मला दोनदा विचारलं होतं की ताई, रविवारी येत जाल का. मी येईन म्हणाले. मग पेपर तपासायचे होते, मग काही आणखी होतं. पण तोंडी विचारणं त्याने सोडलं नव्हतं. माझी गाडी पहिल्यांदा नेली तेव्हा त्याने मला अर्धा तास बाकावर बसवून सगळं विचारलं होतं आणि मला मनातून बरं वाटलं होतं.

ऑक्टोबरात पिवळा दिवा लागला आणि मी स्कॅनर लावला. आकडा आला, पुस्तकात नाव सापडलं, धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर. मी बाळापूरला गेले, गाडी सुरू ठेवूनच उतरले आणि म्हणाले, भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून द्या. तो हात पुसत आला, बॉनेटजवळ क्षणभर थांबला, आणि त्याने माझ्याकडे बघितलं. "मशीननं सांगितलं का?" मी हो म्हणाले आणि पडदा दाखवला. विद्यार्थ्याला दाखवावं तसा दाखवला, हे आता आठवतं तेव्हा अंग चोरावंसं वाटतं. त्याने नांदेडहून पार्ट मागवला आणि बसवला.

यात एक गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती. महिनाभर सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून बारीक फुसफुस ऐकू येत होती. लपवली असं नाही. पुस्तकात नाव सापडल्यावर ती सांगण्यासारखी गोष्ट आहे, हेच माझ्या मनात आलं नाही. तुमच्या वहीत ती पहिल्या ओळीत आली असती.

आठ दिवसांनी दिवा परत लागला, आकडा तोच. मी आणखी वाचलं, दुसऱ्या पार्टाचं नाव काढलं, आणि त्याने तोही बसवला. यावेळी त्याने मशीनबद्दलसुद्धा विचारलं नाही. मधल्या काळात गणिताचे सर आपली गाडी घेऊन त्याच्याकडे गेले. माझ्याच सांगण्यावरून गेले, माझ्याच स्कॅनरवर आकडा बघून, कागदावर पार्टाचं नाव लिहून. त्यांच्यामागून त्यांचे दोन शेजारी गेले. रविवारी सकाळी माझ्या दारात एखादी गाडी उभी राहायची, मी वायर खोचायची, चिठ्ठी लिहून द्यायची. अण्णा, मला ते आवडत होतं. लोक मॅडम म्हणून विचारत होते. आणि तिकडे बाळापूरला चिठ्ठी घेऊन येणाऱ्याला तो काही विचारेनासा झाला होता. गाडी काय करते हे विचारायची तुमच्याकडून आलेली ती एक पद्धत माझ्या माहितीत त्या एका शेडमध्ये उरली होती, आणि ती मी दीड महिन्यात बंद करत आणली, हे मला मागच्या रविवारी कळलं.

मागच्या रविवारी मी तिसऱ्यांदा गेले. आता पेट्रोलचा पंप बदलावा लागेल, असं म्हणाले. त्याने गाडी चालूच ठेवायला सांगितली. बॉनेट उघडलं, एका बोटभर जाड रबरी पाइपवर अंगठा ठेवला, फुसफुस थांबली. बाहेरची हवा आत ओढणारं चिरलेलं टोक ब्लेडने कापलं, पाइप परत दाबून बसवला, क्लिप आवळली. चहा येईपर्यंत काम झालं होतं. मग म्हणाला, तुमच्या मशीननं दिवा इझवून टाका. मी विझवला. तो अजून लागलेला नाही.

हे कधी कळलं, असं मी विचारलं.

"पहिल्याच दिशी. गाडी चालू व्हती ना, तवाच ऐकू आलं."

"मग सांगितलं का नाही, भाऊ?"

तो ब्लेड पुसत राहिला. "तुमी इचारलं न्हाई. नाव घेऊन आल्या. दुसरा कोनी आसता तर म्या भांडलो आसतो. पन वस्तादाची पोरगी मशीन हातात घेऊन सांगून राहिली म्हनल्यावर मला वाटलं, आता आपलं काम सांगितलं तेवढं करायचं."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, मग ते दोन पार्ट उगाचच घातले का? तो लगेच समजला. मी काय विचारते आहे हे मला कळायच्या आत त्याला कळलं. फळीवरून कागदात गुंडाळलेले माझे दोन्ही जुने पार्ट त्याने काढले आणि माझ्या हातात दिले. "दोनीबी चांगले हायेत. ठेवा. अन् पुढच्या टायमाला गाडी नांदेडलाच न्या, ताई. तिथं मशीनवाले हायेत. मी आता ट्रॅक्टरचंच पाहीन म्हन्तो." आवाजात राग नव्हता. असता तर मी पुन्हा जाऊ शकले असते.

आठवडाभर मी हेच उलटसुलट करते आहे. चूक त्याचीही नाही का? ऐकू आलं होतं तर बोलायला हवं होतं, माझी पत्रास कशाला ठेवायची? मग वाटतं, बाकावर बसून सांगायची वेळ माझी होती, ती मी त्याला दिली नाही आणि वर हिशेब विचारला. तुम्ही असता तर कदाचित स्कॅनर स्वतःच घेतला असता, ड्रायव्हरच्या बोलण्याखाली तो आकडाही वहीत लिहायला लावला असता, आणि मग पुढचं विचारलं असतं. मालकाने तो घ्यावा का, असं मला आजही कुणी विचारलं तर मी घ्या म्हणेन, आणि म्हणून झाल्यावर मला बरं वाटणार नाही. मीच तो त्याला द्यावा असंही मनात आलं. पण आता दिला तर ती भरपाई दिसेल, आणि तो घेणार नाही. शेडच्या पाटीवर चारचाकीचं चित्र होतं, त्यावर त्याने पांढरा रंग मारला आहे, असं काल गणिताचे सर सांगत होते. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही.

तीन दिवसांपासून माझ्या गाडीचा क्लच जड झालाय. दिवा लागलेला नाही, स्कॅनरवर काही दिसत नाही, पाय दाबला की एवढंच कळतं की पूर्वीसारखं नाही. हे पूर्णपणे त्याचं काम आहे. मी नांदेडच्या वर्कशॉपला फोन करून उद्याची वेळ घेतली आहे, आणि कॉलेजात रजा टाकली आहे.

सरळ रस्ता कळमनुरीवरून बाळापूरमधून, आपल्या शेडसमोरूनच जातो. मी औंढा, वसमत असा लांबून जाणार आहे. सरांनी कारण विचारलं तेव्हा मी म्हणाले, बाळापूरचा रस्ता खोदलाय. रस्ता चांगला आहे, अण्णा.

उद्या: औंढा रस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरणे.