नाव कापण्याआधी

आई,

तुला विचारावं असं माझ्याकडे काही नाही. निर्णय झालेला आहे. तरी लिहिते आहे, कारण या पंधरवड्यात मी एक काम तुझ्या पद्धतीने केलं, आणि ती पद्धत कुठून आली हे ऑफिसात कोणाला सांगण्यासारखं नाही. तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी पदविका पूर्ण केली, मग संगणकावर नकाशे करण्याचा कोर्स केला, आणि आता गोंदियाला शिक्षण विभागात कंत्राटावर आहे. खासगी शाळांत पहिलीच्या काही जागा गरीब घरच्या मुलांसाठी राखून ठेवतात, त्यांची फी सरकार भरतं. अट एवढीच की घर शाळेपासून ठरलेल्या अंतरात पाहिजे. पालक अर्ज भरताना नकाशावर आपल्या घराची खूण करतात, नंतर सोडत निघते. ज्यांचा नंबर लागला त्यांची ती खूण खरी की खोटी हे मी तपासते. शाळेभोवती वर्तुळ काढायला मला अर्धं मिनिट लागतं. वर्तुळाच्या आत जे आहे ते खरोखर तिथे आहे का, हे मात्र नकाशा सांगत नाही. त्यासाठी तुझ्यासारखं दारोदार जावं लागतं.

या वेळी नंबर लागलेल्या एका मुलीच्या पत्त्याबद्दल तक्रार आली. शाळेच्या मागच्या गल्लीत ठेल्यावर इस्त्री करणारी एक बाई ऑफिसात आली, खुर्चीवर बसली नाही, उभ्यानेच बोलली. "मॅडम, जिस कमरे का पता दिया है ना, उधर वो लोग रहते ही नहीं. फॉर्म भरने आए थे, ताला लगा के चले गए. उनका गाव में घर है, खेत है. हमारा तो यही ठेला है." तिची मुलगी त्याच शाळेच्या प्रतीक्षा यादीत पहिली होती. हे तिला पक्कं माहीत होतं आणि तिने ते लपवलंही नाही. "हाँ, मेरी बच्ची का नंबर है, इसीलिए बोल रही हूँ. झूठ हो तो मेरा नाम काट देना." मला तिचं हे बोलणं आवडलं. आपला स्वार्थ आधीच टेबलावर ठेवून बोलणारी माणसं फार कमी भेटतात.

मी आधी तिच्या घरी गेले, तिचा पत्ताही तपासणं भाग होतं. तिथे काही विचारावं लागलं नाही. उंबऱ्याशी लहान मुलीची चप्पल होती, अंगठ्याच्या जागी झिजून खड्डा पडलेली. दोरीवर तिचा फ्रॉक होता. मोरीजवळ पाण्याचे पाच गुंड, म्हणजे हंडे, भरून ठेवले होते. हे पाहायला तूच शिकवलंस. अंगणवाडीच्या सर्वेक्षणाला निघालीस की मला घेऊन जायचीस, मी वही धरायची. तू म्हणायचीस, घरात किती जण आहेत ते माणसांना नको विचारू, ती मोजूनमापून सांगतात. पाणी किती भरलं ते पाय, दारात चपला किती ते पाय.

मग मी त्या दुसऱ्या खोलीवर गेले. सकाळचे साडेअकरा. मी येणार हे त्यांना कळलेलं होतं, घरमालकाने कळवलं असणार. खोली झाडलेली. पाण्याचा एकच गुंड. नवी गादी, तिचा प्लास्टिकचा कागद अजून काढलेला नाही. दारात मुलीच्या गुलाबी चपला, तळाला मातीचा कण नाही. मुलगी सहा वर्षांची, नव्या दप्तराचे पट्टे दोन्ही खांद्यांवर घालून गादीवर बसलेली, जणू आत्ताच कोणी तिला शाळेत न्यायला येणार आहे. आई दरेकशाकडच्या गावातली, बाप इथे एका गोदामात चौकीदार, तिथेच झोपतो. घरमालक दारातून म्हणाला, "रहते है मॅडम, यहीं रहते है, लिख दो."  त्यावर मुलगीच बोलली. "आई, आपन घरी कवा जाऊन राहिलो? मले शेळीचं पिल्लू पाहाचं हाय." बाईने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमी कोठच्या?" मी सांगितलं, बोदलकशाकडची. ती म्हणाली, "मंग तुमाले काय सांगाचं. आमच्या गावच्या शाळेत एकच गुरुजी, चार वर्ग. तेबी अर्धा दिवस मीटिंगले."

मी वहीत नोंद केली आणि निघाले. पेन्सिलीने केली. ही सवयही तुझीच. तू महिनाभर सगळं पेन्सिलीने लिहायचीस, महिनाअखेरीला खातरजमा करून त्यावरून पेन फिरवायचीस. ऑफिसच्या संगणकात पेन्सिल नाही. पात्र आणि अपात्र अशी दोन बटणं आहेत, एकदा दाबलं की परत घेता येत नाही, आणि पालकांच्या फोनवर आपोआप संदेश जातो.

तुझी ती नोंदवही अजून माझ्याकडे आहे. प्रत्येक घराला एक पान. आपल्या घराच्या पानावर पेनने चार नावं आहेत: बाबा, तू, आजी, मी. खाली पाचवी ओळ पेन्सिलीची आहे. मुलगी, वय चार, नातं बहिणीची मुलगी. तुला बहीण नव्हती. मी दहा वर्षांची होते, रकान्यांच्या बेरजा मीच करायची, आणि एका महिन्यात गावाची लोकसंख्या एकाने जास्त आली तेव्हा मी पान उलटत उलटत शोधून काढलं की ती जास्तीची व्यक्ती आपल्याच घरात आहे. ती पाटापल्याडच्या टोलीवरची होती, मासे धरणाऱ्यांच्या छोट्या वस्तीतली. पाट ही हद्द होती. पल्याडची टोली शेजारच्या गावाच्या अंगणवाडीत मोडायची आणि ती अंगणवाडी जंगलातून कोसावर. आपली, पाटावरच्या फळीवरून आलं तर हाकेच्या अंतरावर. ती मुलगी रोज हातात ताट घेऊन फळीवरून यायची. तू तिला लापशी वाढायचीस, टांगत्या काट्यावर तिचं वजन करायचीस, आणि वजन वाढलं की माझ्याकडे पाहून हसायचीस, जसं काही मीही त्यात भागीदार आहे.

मग एक दिवस पर्यवेक्षिका बाई आल्या. त्यांनी आपलं पान काढलं आणि मला गंमत म्हणून विचारलं, "काय गं, तुमच्या घरी किती जण?" मी म्हणाले, चार. "मग ही पाचवी कोण?" माझं उत्तर मला शब्दन् शब्द आठवतं. "ते पाटापल्याडची आहे. तिचा बाप मासे धरते. ते इथं फक्त जेवाले येते." बाईंचं हसू गेलं. तू वाढत होतीस, पळी तशीच हातात राहिली. नंतर तुला नोटीस आली. पण त्या दिवशी तू बाईंना एवढंच म्हणालीस, "लेकरू हाय, चुकून बोललं."

तू मला मारशील असं वाटलं होतं. संध्याकाळी तू चुलीजवळ अंबाडीची भाजी निवडत बसलीस आणि मला समोर बसवलंस. "खोटं नाही बोलली तू. त्याच्यासाठी मी तुले काही म्हणत नाही. नाव तं कापाच लागते आता." देठं मोडत राहिलीस. मग म्हणालीस, "उद्या माझ्यासंग चाल." मी विचारलं, कायले? "सांगाले."

दुसऱ्या दिवशी सकाळी तू पुढे, मी मागे, फळीवरून पल्याड गेलो. त्या मुलीची आई जाळं वाळत घालत होती. तू सरळ सांगितलंस, उद्यापासून पाठवू नको, नाव कापाचं हाय. ती भडकली. "कापाचं त कापा ना वो बाई. घरी येऊन कायले सांगता? आमी काय करून घेतलं असतं तुमचं?" तू आवाज चढवला नाहीस. म्हणालीस, "न सांगता कापलं असतं, त पोरगी उद्या ताट घेऊन आली असती. सगळ्यायसमोर मी तिले काय म्हनलं असतं?"  जाळ्याचं एक टोक त्या बाईच्या हातातून सुटलं होतं, ते तू धरलंस. परतताना तू मला एवढंच म्हणालीस, कोनाचं नाव कापाचं असन त आधी त्याच्या दारात जाऊन सांगाचं, मंग पेन हाती घ्याचा. मी हो म्हणाले. त्या दारात मी एक शब्दही बोलले नव्हते.

साहेबांना मी विचारलं की बटण दाबण्याआधी गावी जाऊन सांगून येऊ का. ते फाइलमधून मान वर न काढता म्हणाले, "मेसेज जाते ना मॅडम. तुमी कायले जाता, शिव्या खाले?" मग मान वर काढून, "आणि तिथं रडारड करून तुमचा विचार बदलवला मंग?" हा प्रश्न रास्त होता. मी त्याचं उत्तर आधीच तपासून ठेवलं होतं. हा नियम मला फार चांगला वाटतो असं नाही. वर्तुळाबाहेरच्या मुलीला शाळा का नाही, याचं उत्तर माझ्या नकाशात नाही. पण जागा एकच आहे, आणि जिची चप्पल झिजली आहे ती मुलगी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. त्या चौकीदाराच्या मुलीसाठी मी गप्प बसले असते, तर माझ्या गप्प बसण्याची किंमत इस्त्रीच्या ठेल्याने भरली असती आणि ते त्या बाईला कधी कळलंही नसतं. तुझ्या लापशीत तसं नव्हतं. तिथे एकीला वाढलं म्हणून दुसरीच्या ताटातलं कमी होत नव्हतं. हा फरक मी नीट मांडून पाहिला, आणि मग रविवारच्या सकाळच्या पॅसेंजरने दरेकशाला गेले. तो रविवार म्हणजे आजच.

स्टेशनपासून पाऊण तास चालले. घर सापडायला वेळ लागला नाही, मुलगी अंगणात दप्तर पाठीला लावूनच शेळीच्या पिल्लामागे धावत होती. तिच्या आईने मला लांबूनच ओळखलं आणि खाट पुढे ओढली नाही. मी उभ्यानेच सांगितलं. म्हणाले, उद्या मी तुमचा अर्ज अपात्र करणार आहे, कारण तुम्ही त्या खोलीत राहत नाही. तुमच्या फोनवर संदेश येईल. त्याआधी तुम्हाला माहीत असावं म्हणून आले.

"रेल्वेनं एवढं सांगाले आल्या?" ती म्हणाली.

"हो."

"इथं येऊन आमची फजिती पाहाची होती?"

"नाही. तिला शाळेच्या दारातून परत यावं लागू नये म्हणून."

ती हसली, पण चांगलं हसली नाही. "तं मंग असं करा ना. आल्याच एवढ्या दूर, त राहते म्हनून लिहून टाका. कोन पाहाले बसलं?" मी म्हणाले, त्याच गल्लीतली एक मुलगी यादीत आहे. "कोन?" ते मी सांगितलं नाही. ती थोडा वेळ पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत राहिली. मी तिला सांगितलं की मुलगी पुढच्या वर्षीही वयात बसते, तोवर खरोखर तिथे राहायला आलात तर अर्ज चालेल, मी स्वतः येऊन पाहीन. ती उसळली. "येऊन राहू अन् धान कोन लावन? तुमी?"  मग तिने मुलीला हाक मारली, जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून दप्तराचे पट्टे एकेक करून काढले. मुलगी म्हणाली, "उद्या?" आई म्हणाली, "हो, उद्या आपल्या शाळेत नेजो." मुलगी पुन्हा पिल्लामागे गेली. बाई आत गेली आणि पाण्याचा गडू घेऊन आली. "उन्हाच्या आल्या. पानी पिऊन जा." मी प्यायले. तिने मला माफ केलं असं मी समजत नाही. पाणी ती कोणालाही देईल.

उद्या दहा वाजता मी ते बटण दाबीन. दुपारी त्या ठेल्यावरच्या बाईच्या फोनवर संदेश जाईल. मला कोणी विचारलं तर मी सांगेन की मी फक्त नियम पाळला, आणि ते बऱ्याच अंशी खरं असेल. पण परतीच्या गाडीची वाट पाहत फलाटावर बसले होते तेव्हा मी स्वतःला एक गोष्ट विचारली, जी मी दर वेळी अहवालावर सही करण्याआधी विचारते: यात तुझं स्वतःचं काही आहे का? आज नव्हतं. मी तीनदा तपासलं. हा प्रश्न मी का विचारते, हे मात्र तुला कधी सांगितलं नाही.

तू त्या पाटापल्याडच्या मुलीचे केस विंचरायचीस. लापशी झाली की तिला दोन गुडघ्यांमध्ये धरून, माझ्या कंगव्याने, आणि एक दिवस तू तिला माझी लाल रिबीन बांधलीस. मी ती रिबीन वापरत नव्हते. ती तुला आई म्हणायला लागली होती आणि तू तिला सुधारलं नाहीस. ती पाचवी ओळ मला सापडली तो दिवस आणि पर्यवेक्षिका बाई आल्या तो दिवस, यांच्यामध्ये तीन आठवडे होते. मी वाट पाहत होते की कोणीतरी मला विचारेल.

तू गावात सगळ्यांना, बाबांना, त्या मुलीच्या आईलासुद्धा हेच सांगितलंस की लेकरू चुकून बोललं. खरं काय ते मी तुझ्या दारात येऊन सांगायला हवं होतं, पण आता तुझं दार नाही, म्हणून तुझ्या नोंदवहीत आपल्या पानाशी हा कागद ठेवते आहे. मी चुकून बोलले नव्हते, आई.