चार हात सरकलेलं वळण

मेहुणेबुवांना कमरेपर्यंत वाकून नमस्कार. (त्याखाली वाकलो तर परत उभं करायला तुमची ताई लागते, आणि हे पत्र तिच्या नकळत लिहितोय.) तुम्ही सगळे मजेत आहात असं धरून चालतो. मागच्या पत्रात तुम्ही "इकडे सर्व ठीक आहे" असं तीनदा लिहिलं होतं. ठीक असलेला माणूस एकदाच लिहितो. चष्म्यांचं दुकान कसं चाललंय, गुडघा काय म्हणतोय, धाकटीचा दात आला की पडला (काहीतरी झालंय खरं, पण हल्ली तुम्ही फार बारीक लिहिता), हे सगळं सविस्तर कळवा. आणि मोठ्या अक्षरात कळवा. शाई वाचवून कोणाचं दुकान वाढल्याचं ऐकिवात नाही.

मी तब्येतीनं ठणठणीत आहे, पण माझ्याविरुद्ध कट चाललाय. हसू नका. सव्वीस वर्षं ट्रक चालवतोय, गाडीवर एक ओरखडा नाही (एक आहे, तो म्हशीनं काढला), आणि गेल्या दीड महिन्यात तीनदा मरता मरता वाचलो. योगायोग एकदा होतो, फार तर दोनदा. कट कशासाठी, तेही सांगतो. हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारी आमच्या कामावर डोळ्यांचा डॉक्टर येणार आहे. म्हणे सगळ्या ड्रायव्हरांची तपासणी. सगळ्यांची तपासणी म्हणजे कोणातरी एकाची, हे शेंबडं पोरही सांगेल. जो नापास होईल त्याच्याकडून गाडी काढून घेणार आणि त्याला फाटकावर बसवणार. फाटकावर आधीच एक जण बसलाय. तोही आमच्यातलाच, जुना ड्रायव्हर. आठ वर्षांपूर्वी त्यानं चष्मा लावला आणि पहिल्याच दिवशी कोणीतरी त्याचं नाव 'दुर्बीण' ठेवलं. (मीच ठेवलं. नाव चांगलं बसलं होतं.) मग कोणी त्याला चंद्रावर आज काय भाव आहे म्हणून विचारायचं, कोणी हात धरून गाडीपर्यंत सोडायचं. दोन महिन्यांत बिचारा आपणहून गाडीवरून उतरला. आता फाटकाचा दांडा वर-खाली करतो, आणि रोज सकाळी माझी गाडी निघाली की माझ्याकडे बघून हसतो. आठ वर्षं हसला नव्हता, आता हसतो.

आमचं काम तुम्हाला थोडं समजावून सांगायला हवं, कारण तुम्ही आयुष्यभर खुर्चीत बसून दुसऱ्याच्या नाकावर काचा ठेवल्यात. डोंगरावर पाण्याची मोठी लाइन टाकायचं काम चालू आहे. तिचे लोखंडी पाइप वर पोचवायचे. एका खेपेला चौदा पाइप, साखळदंडांनी आवळलेले. रस्ता नाही. बुलडोझरवाला पुढे जाऊन डोंगराची साल काढतो आणि त्या सालीला साहेब लोक रस्ता म्हणतात. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला काही नाही. बरोबर माझा क्लीनर असतो, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा, नाव 'मुका'. मुका नाही, पण दिवसाला चार शब्दांच्या वर बोलत नाही म्हणून मुका. (हेही मीच ठेवलं.) पंधरा वर्षं आम्ही एका केबिनमध्ये काढली आणि कधी भांडण नाही, त्याचं कारण तेच.

आता पहिला प्रसंग ऐका. वर चढताना एक उलटं वळण आहे, तिथे मी रोज एका ठरावीक अंदाजानं चाक फिरवतो. त्या दिवशीही फिरवलं. मुक्यानं अचानक माझा दंड धरला आणि "थांब" म्हणाला. दिवसाच्या चार शब्दांतला एक माझ्यावर खर्च केला म्हटल्यावर मी ब्रेक दाबला. खाली उतरून बघतो तर पुढचं उजवं चाक अर्धं हवेत, खालून मातीचे खडे दरीत चाललेले. मेहुणेबुवा, वळण सरकलं होतं. आदल्या दिवशीपर्यंत ते चार हात पुढे होतं. मी बुलडोझरवाल्याला तोंडावर विचारलं, तर तो म्हणाला, "काका, वळण कुठे जाईल?" बघा, सरळ उत्तर नाही. आणि दुसऱ्या दिवशी हा गडी त्या वळणावर हातात बादली घेऊन कडेच्या सगळ्या दगडांना चुना फासताना सापडला. कशाला, तर म्हणे शोभेला. डोंगरावर, जिथे आमच्याशिवाय कुत्रं फिरकत नाही, तिथे शोभा. मला चुना लावायचा तर सरळ लावावा, दगडांना कशाला.

दुसरा प्रसंग त्याच्या आठ दिवसांनंतरचा. माथ्यावर सपाट माळ आहे, तिथे ऊन आणि ढग यांचा खेळ चालतो. मला समोर मोठा खड्डा दिसला. मी करकचून ब्रेक मारला, मागचे पाइप एकमेकांवर असे आदळले की डोंगरापलीकडचे कावळे उडाले. खड्डा उठला आणि चालू लागला. ढगाची सावली होती. मुका नुसता माझ्याकडे बघत राहिला. (त्याच्या बघण्यात काहीतरी होतं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.) मग मी शहाणपणा शिकलो आणि पुढची सावली दिसल्यावर सरळ आत घातली. ती सावली नव्हती. गाडी नाकावर बसली, माझं डोकं वरच्या फळीला लागलं आणि आम्हाला बाहेर ओढायला तोच चुनेवाला बुलडोझर घेऊन आला. वाटेतच उभा असल्यासारखा आला. मी अजून हाकही मारली नव्हती.

त्या दिवसापासून मुका बोलायला लागला. थोडंथोडकं नाही, गाडी फाटकाबाहेर पडली की सुरू. "आता डावीकडे मोठा दगड आला. आता उजवीकडे माती भुसभुशीत. समोर दोन माणसं, एक बाई. बाईच्या डोक्यावर मोळी." अहो, मला दिसत नाही का? पंधरा वर्षं गप्प बसलेला माणूस एकाएकी रस्त्याचं कीर्तन लावतो, ते का? मी दोन तऱ्हांनी विचार केला. एक तर तो माझी जागा घ्यायची तयारी करतोय, रस्ता पाठ करतोय. नाहीतर साहेबांनी त्याला माझं डोकं उठवायला नेमलंय. विचारलं तर म्हणाला, "सहज." तेवढा एकच शब्द जुन्या मुक्याचा.

गॅरेजचा मिस्त्रीही त्यात सामील आहे. मला न विचारता त्यानं गाडीच्या पुढच्या दोन्ही कोपऱ्यांवर उभ्या काठ्या ठोकल्या, त्यांना टोकाला लाल फडकी बांधली आणि बंपर पिवळाधमक रंगवला. गाडी ओवाळून कापायला नेल्यासारखी दिसते. सहा गाड्यांत असली सजावट एकट्या माझ्या गाडीला. आणि घरी म्हणाल तर तुमच्या ताईचंही काही खरं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर तिनं वितीवितीएवढ्या अक्षरांत 'साखर', 'मीठ', 'चहा' असं लिहून ठेवलंय. (एकदा माझ्या हातून चहात मीठ पडलं होतं, पण दोन्ही पांढरंच, ते कोणाच्याही हातून पडेल.) तुमच्या घराण्यात उतारवयात विसराळूपणा येतो का, ते खरं खरं कळवा. मी तिला बोलून दाखवलेलं नाही. बायको आहे, सांभाळून घ्यायला हवं.

आता तिसरा प्रसंग. हा लिहायचा नव्हता, पण लिहितो. मागच्या सोमवारी वरच्या टोकाला गाडी उलटी लावून पाइप उतरवायचे होते. मागे उतार, उताराखाली दरी. मी मुक्याला पाठीमागे उतरवलं आणि आरशात पाहिलं तर लांब साहेब उभे, पांढरा शर्ट, हात हलवून "या, या, अजून या" करताहेत. मुका ओरडत होता म्हणे, पण इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही, आणि साहेब बोलावताहेत म्हटल्यावर क्लीनरचं कोण ऐकतं. मी घेतली मागे. गाडी घसरायला लागली. ब्रेक धरले तरी घसरते, वर चौदा पाइप, आणि साहेब आपले शांतपणे "या, या". मग गाडी एकदम हिसका देऊन थांबली. उतरून पाहिलं. मुक्यानं लाकडी ठोकळा मागच्या चाकाखाली घातला होता, घालताना पाय घसरून स्वतः चाकामागे पडला होता, आणि चाक त्याच्या बरगड्यांपासून वीतभर अलीकडे थांबलं होतं. साहेबांकडे बघतो तर साहेब नाहीत. तिथे मोजणीवाल्यांनी रोवलेली काठी आणि तिला पांढरं निशाण, वाऱ्यावर हलतंय. इतक्यात साहेब गेले कुठे आणि निशाण आलं कुठून, याचा उलगडा मला आजपर्यंत झालेला नाही.

मेहुणेबुवा, तुम्ही लांब आहात म्हणून लिहितो, मी घाबरलो. स्वतःसाठी नाही. मुका उठला, कपडे झटकले आणि म्हणाला, "लागलं नाही." माझी विडी पेटेना, तीही त्यानंच पेटवून दिली. त्याच्या घरी चार माणसं त्याची वाट बघतात. तेव्हापासून रोज सकाळी किल्ली लावायच्या आधी मी खाली उतरून मागच्या चाकाखाली हात फिरवून बघतो. या कटात उद्या त्या बिचाऱ्याचा जीव जाईल, आणि ज्यांनी वळण सरकवलं ते नामानिराळे राहतील.

असो. सर्वांना यथायोग्य सांगा, गुडघ्याला तेल लावा आणि कोणावर विश्वास ठेवू नका.

तुमचा भावोजी

ता. क. खरं तर एका किरकोळ कामासाठी पत्र लिहायला घेतलं होतं, ते राहूनच गेलं. तुमच्या दुकानात भिंतीवर अक्षरांचा तक्ता आहे, वर मोठं अक्षर आणि खाली खाली बारीक होत जाणारी. त्याच्या खालच्या चार ओळी क्रमानं लिहून पाठवा. मोठ्या अक्षरात. डॉक्टर वेगळा तक्ता आणेल असा मला संशय आहे, तेव्हा बाजारात जितके तक्ते आहेत त्या सगळ्यांच्या चार-चार ओळी पाठवा. माझं पाठांतर लहानपणापासून चांगलं आहे. दिसत नाही म्हणून मागत नाही, केवळ सावधगिरी. मी दुर्बीण होणार नाही, एवढं ध्यानात ठेवा.

दुसरा ता. क. ताईला कळू देऊ नका.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायला डिंक तिच्याकडे होता, त्यामुळे पत्र घटकाभर तिच्या हातात गेलं. वाचलं नाही म्हणाली. पण परत आलं तेव्हा खाली रिकाम्या जागेत तिनं काहीतरी काढलेलं होतं, मुंग्यांच्या रांगांसारखं. काय हे विचारलं तर म्हणाली, नक्षी. तीस वर्षांत या बाईनं नक्षी काढलेली नाही. मला संशय आला होता, पण दिसते बरी, म्हणून राहू दिली.

भाऊ, ही नक्षी नाही, मी आहे. जागा थोडी आहे, म्हणून मुद्द्याचं लिहिते. तक्ता पाठवू नकोस. हे पाठ करतील आणि पासही होतील, आणि मग मुका एक दिवस चाकाखाली जाईल, नाहीतर हे दरीत. कट आहे ते खरं आहे, आणि त्यात मीही आहे. चुना, काठ्या, रंग, सगळं आम्ही ठरवून केलंय. सोमवारच्या प्रकारानंतर मुका येऊन आमच्या पायरीवर बसला आणि अर्धा तास बोलला. म्हणाला, "वहिनी, मी बोलत राहीन, पण घसा बसतो हो माझा. ज्या दिवशी बसेल त्या दिवशी काय?" ते ऐकून मला रडू आलं. साहेबांनी मला स्वतः सांगितलंय की चष्मा लावून पास झाले तरी गाडी त्यांचीच. पण यांना चष्मा म्हटलं की फाटक दिसतं. तेवढं एक मात्र लांबून स्पष्ट दिसतं. मी फाटकावर जाऊन त्या दुर्बीण भाऊजींनाही भेटले. म्हणाले, त्याला सांगा, मी त्याला नाव ठेवणार नाही. रोज त्यासाठीच हसतात ते, धीर द्यायला.

तेव्हा तपासणीच्या आधीच्या रविवारी काचांची पेटी घेऊन ये. गुडघा दाखवायला आलो म्हण. डोळे तपासतोय म्हणू नकोस, डोंगरावर धूळ फार, धुळीचा चष्मा आणलाय, कोणता बसतो बघू, असं म्हण. धूळ यांना मान्य आहे. दारातून समोरच्या भिंतीवरचं घड्याळ कळत नाही, आणि जवळचं तर तू बघतोसच आहेस. येतोस की नाही ते आधी लिहून कळव. वर त्यांना खुशालीच्या चार ओळी मोठ्या अक्षरात लिही, आणि मला काय लिहायचं ते खाली असंच बारीक लिही. चष्मा आला की हे असं चोरून बोलणं बंद होईल. होऊ दे.