सरपंचकीचा फेटा

कोल्हापूर, जुलै २०००

चि. कृष्णातास अक्काचा आशीर्वाद. मी धडधाकट हाय. आईचा गुडघा कसा हाय?

पॅनेलवाल्यांनी तुला सरपंच करतो म्हणून फेटा बांधला आणि तू बांधून घेतलास व्हय?

इथं मंडईत दलाल काट्यात मारतो, पावतीवाला पावती फाडतो. मंत्री यायचा म्हणून सोमवारी म्युन्शिपाल्टीच्या माणसांनी आमच्या भाजीच्या पाट्या ट्रकात टाकल्या. मंत्री गेल्यावर आम्ही बाया परत बसलो. कुणी कुठं बसायचं ते आमचं आम्हीच ठरवलं. साहेब लागला न्हाय.

आपल्या गावचा पैरा कुठलं सरकार चालवतं रं? आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या, सगळी मिळून भांगलतात. मागचा सरपंच निवडून आला आणि दुसऱ्याच्या रानात वाकायचा बंद झाला. आता त्याच्या बांधावर कुणी फिरकत न्हाय. जीपमधनं एकटाच हिंडतोय. तुझं तसं व्हायला नको, एवढीच धास्ती हाय.

प्रचाराला मी येणार न्हाय. निवडून आलास तर तुझा हार तुझ्यापाशी ठेव. पडलास तर आईला घेऊन इकडं ये, मटण करते.

तुझी थोरली बहीण,
बनाबाई