नवसाचा कोंबडा

आई, तू असतीस तर या कोंबड्याचं काय करायचं ते एका वाक्यात सांगून मोकळी झाली असतीस. मी किती दिवस डोकं फोडत होते. शीळफाट्याच्या आपल्या परसाभोवती आता इमारती उठल्यात, पण तुझ्या कोंबड्यांचा वंश मी राखलाय. हा तांबडा त्यातलाच. नातू दिवस भरायच्या आधी जन्मला, दवाखान्यात काचेच्या पेटीत होता, तेव्हा मी गावदेवीला नवस बोलले, पोर घरी येऊ दे, आपल्या पायांनी चालू दे, मग येईल त्या जत्रेला कोंबडा देईन. पोर घरी आलं, आता घरभर पळतं. पिल्लांतून हा निवडून देवीच्या नावाने राखला आणि तिथेच फसले. जत्रा चैत्रात, आणि आता कुठे थंडी पडायला लागलीय.

हा मेला कुणाला परसात पाय ठेवू देत नव्हता. झाडू उगारला, अंगावर पाणी मारलं, तसा जास्तच चेकाळला. लहानपणी असाच एक माझ्या पोटऱ्या फोडायचा. मी त्याला लाथ घातली तर तू मलाच रागावलीस, लाथ मारलीस तर तो तुला दुसरा कोंबडाच समजेल म्हणालीस. मग तू त्याला उचलून काखेत दाबतेस, दुसऱ्या हाताने तव्यावरची भाकरी उलटतेस, दारात आलेल्या शेजारणीशी निवांत बोलतेस. खाली सोडतेस तेव्हा तो गरीब झालेला असतो. मीही केलं तसं. काखेत असेपर्यंत गप्प, खाली ठेवला की पुन्हा पायावर. त्याच्या पायामागची टोकदार नखं कापावीत, तर देवीला खोट असलेला कोंबडा चालत नाही. म्हणून खुराड्यात कोंडला, तर काल नातवानेच कडी काढली. नख गालावर बसलं, डोळ्याच्या अगदी खाली.

सून ओरडली असती तर बरं झालं असतं. रक्त पुसता पुसता हळू आवाजात म्हणाली, "आई, ज्याच्यासाठी बोललात, त्यालाच फोडतोय तो." मग बॅग भरायला घेतली. कोंबडा राहणार असेल तर ती पोराला घेऊन दिव्याला माहेरी जाणार. मुलगा म्हणाला, "कापून टाकू ना, त्यात काय एवढं." त्याला कसं सांगू? देवीचं देवीला न देता कापला आणि पोराला काही झालं तर? नाही कापला आणि पोराचा डोळा गेला तर? रात्रभर मी पोराच्या उशाशी बसून होते. दोन्हीकडून मलाच भीती वाटत होती. बाकी सगळे झोपले होते.

सकाळी देवळात गेले. देवीला म्हटलं, जत्रेपर्यंत थांबवत नाही, चूक माझी, काय व्हायचं ते मला होऊ दे, पोराला हात लावू नकोस. घरी येऊन मुलाला म्हटलं, काप. दुपारी रस्सा झाला. सुनेने मला आग्रह करून वाढलं, बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात लावले. सगळ्यांना वाटतंय, म्हातारीने शेवटी ऐकलं.

हे लिहून मी तांदळाच्या डब्यात ठेवून देणार, आणखी कुठे पाठवू? देवळात काय बोलले ते घरात कुणाला सांगितलेलं नाही, तुलाच सांगते. पोरासाठी अगदी मनापासून बोलले गं. पण देवळाच्या पायऱ्या मी कठडा धरून, एकेक जपून उतरले. आई, मला अजून मरायचं नाहीये.