विड्यांच्या सुपातल्या वाती

आई, तुझं सूप मी परवा माळ्यावरून खाली काढलं. एका बाजूची कड उसवली आहे, बाकी धड आहे. ओल्या फडक्याने पुसलं तेव्हा बांबूच्या पट्ट्यांतून तपकिरी पाणी निघालं. तुला जाऊन बारा-तेरा वर्षं झाली, आणि त्याच्याही कितीतरी आधीपासून ह्या सुपात तंबाखू पडला नव्हता. तरी पाणी तपकिरीच. स्वयंपाकघरातून हिने विचारलं, "आता ते कशाला काढलंत?" मी म्हणालो, "बघतोय, वाळवी लागली का." तिला कळलं असणार, कारण सुरुवात तिच्याच एका वाक्याने झाली होती.

आमचा टॉवेलचा कारखाना दिवाळीनंतर बंद झाला. मालकाच्या मुलांना त्यात रस नव्हता. त्यांनी माग विकले, शेड रिकामी केली आणि आम्हा जुन्या माणसांना शाल-नारळ देऊन घरी पाठवलं. तक्रार नाही, त्यांनी सगळं नीट केलं. घरातही अडचण नाही. तुझी नात पुण्यात नोकरीला लागली आहे. ती रोज फोन करते आणि म्हणते, "पप्पा, खूप केलंत, आता फक्त आराम करा." पेठेतली माणसं कोपऱ्यावरून हाक मारतात, "काय पेन्शनर, चहा घेणार?" अजून पन्नाशी गाठायची आहे माझी. पहिले काही दिवस मी सकाळी पूजा करून, विभूती लावून, चपला घालून दारात जायचो आणि मग आठवायचं. चपला काढून पुन्हा आत येताना हिच्याकडे बघायचं टाळायचो.

मग एका दुपारी मी जेवून भिंतीला टेकून बसलो होतो, मांडीवर टॉवेल होता. ही दारात आली आणि तिथेच थांबली. "अहो, बोटं बघा तुमची." मी बघितलं. टॉवेलच्या काठाचे सुटे धागे मी एकेक करून गाठी मारून जोडत होतो, मागावर तुटलेला धागा जोडतात तसे. निम्मा काठ झाला होता आणि मला पत्ता नव्हता. ती हळू आवाजात म्हणाली, "क्षणभर वाटलं, आत्याच बसल्यात." तुला ती आत्याच म्हणायची. त्या दुपारपासून, आई, तू घरात आहेस. भांड्याचा आवाज झाला तरी मी मान वळवून बघतो.

मी लहान असताना तू अशी कधी सलग घरात नव्हतीसच. बाबा गेल्यावर तू मला वैरागजवळ मामाच्या गावी शाळेला ठेवलंस आणि स्वतः सोलापुरात विड्या वळायला आलीस. पंचमीला आणि दिवाळीला एसटीने यायचीस. तू दिसायच्या आधी तुझा वास यायचा. ओल्या पानांचा आणि तंबाखूचा तो वास पदराला, केसांना, पिशवीतल्या खाऊलाही असायचा. मामी नाक मुरडायची, "आदी आंघुळ कर गं बाई, समदं घर विडीचं झालं." मला तुझा दुसरा कुठला वास माहीतच नव्हता. तू परत गेलीस की तू पांघरलेल्या वाकळेत तो दोन-तीन दिवस राहायचा, आणि तेवढे दिवस ती वाकळ मी कुणाला घेऊ द्यायचो नाही.

पुढे मी सोलापुरात आलो, मागावर लागलो, लग्न झालं. तुझा खोकला वाढला तेव्हा डॉक्टरांनी तंबाखूपासून लांब राहायला सांगितलं आणि मी म्हणालो, "आई, खूप केलंस, आता आराम कर." त्याच संध्याकाळी तू शेवटच्या जुड्या कारखान्यात, खराब विड्या फेकून देणाऱ्या चेकरकडे देऊन रिकामं सूप घेऊन आलीस. मी विचारलं, "चेकर काय म्हणाला?" तू म्हणालीस, "काय म्हनतोय! उद्यापासनं येनार न्हाय म्हनलं, तर म्हनला, बरं." आणि सूप भिंतीला उभं केलंस.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात, कारण मला तुझी भीती वाटायची. तुझी बोटं थांबत नव्हती. एसटीची तिकिटं, पिंपळाची पानं, नातीच्या वहीचे कागद, हाताला लागेल ते तू वळायचीस. पदराचं टोक वळून वळून विरलं. दुपारी झोपलीस तरी छातीवर दोन्ही हातांची बोटं चालूच असायची. पान नाही, तंबाखू नाही, आणि तू विड्या करते आहेस. मी दारात उभा राहून बघतो. हाक मारावीशी वाटते, पण मारत नाही. उठून तू काय करणार, हे मला सांगता आलं नसतं.

मग एका सोमवारी आपल्या बोळातल्या महादेवाच्या देवळात गुरव कुरकुरत होते, "ह्या पाकिटातल्या वाती म्हंजे नुसता ताप. लावली की तडतड, अन् इझली." तू ते ऐकलंस. दुसऱ्या दिवशी सूप धुवून उन्हात वाळवलंस, कापूस आणलास, बोटांना विभूती लावलीस आणि ओट्यावर बसलीस. पण हात कुठे बदलतो? वाती झाल्यावर तू त्यांची जुडी केलीस, दोऱ्याने बांधलीस आणि दोऱ्याचं टोक आत खोवलंस. गुरवांनी जुडी हातात घेतली आणि हसत सुटले, "आजी, देवाला विड्या आनल्या व्हय?" तूही हसलीस. एवढ्यात प्रदक्षिणा घालणारी एक बाई थांबली आणि म्हणाली, "तंबाखूचे हात हायत ते. देवाच्या समईला चालतंय का?" गुरव म्हणाले, "बाई, ह्यो देव मसनात ऱ्हातोय, अंगाला राख फासतोय. त्येला कुठला वास लागतोय?" सगळे हसले. तू मात्र हात पदराखाली घेतलेस.

त्या दिवसापासून तू हात धुवायला लागलीस. चिंच, लिंबू, राख, रिठे. सुपापुढे बसायच्या आधी दोन्ही हात माझ्या नाकाशी धरायचीस. "बघ रं, वास येतोय का?"

"न्हाय, आई."

"खरं?"

"खरं."

मग तू बसायचीस आणि मी कारखान्यातल्या पाळीला निघायचो.

त्या सहा-सात वर्षांत तू जशी जगलीस तशी आधी कधीच जगली नव्हतीस, असं मला वाटतं. शेजारच्या मावशीनेही विड्या सोडल्या आणि ती तिचं सूप घेऊन तुझ्या शेजारी बसू लागली. ती अर्धं तेलुगूत, अर्धं मराठीत बोलायची, तू मराठीत उत्तर द्यायचीस आणि दोघींना सगळं कळायचं. "अगं, तितं चेकर व्हता," ती म्हणायची, "हितं म्हादेव चेकर. पन एक बी वात फेकत न्हाय, लई चांगला हाय!" आणि तुमचं हसू पार बोळाच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं. श्रावण जवळ आला की दुसऱ्या देवळांतूनही निरोप यायचे. मी जेवायला हाक मारली तर तू म्हणायचीस, "येळ न्हाय मला. तुमी जेवा की." तुझ्या गालांवर जरा मांस आलं होतं.

तू गेलीस तेव्हा पुढच्या श्रावणासाठी केलेल्या वातींनी पत्र्याचा मोठा डबा भरलेला होता. तो देवळात द्यायला हवा होता. मी दिला नाही. घरीच, सोमवारी सोमवारी, देवापुढे त्यातली एक लावत आलो. तूप धरून वात पेटली की पहिल्या क्षणी तंबाखूचा वास येतो. हिला येत नाही, मुलीला आला नाही. ही म्हणते, "भास होतो तुम्हाला." मी वात विझेपर्यंत तिथेच बसतो. आता डब्यात एकच जुडी उरली आहे.

परवा सूप पुसून मी स्वतः थोड्या वाती वळल्या आणि काल मावशीकडे घेऊन गेलो. तिची नजर आता गेली आहे. "कोन?" म्हणाली. मी आवाज दिला तशी खाट थोपटली, "रा, रा, कूर्चो." तेलुगूत ये, बस म्हणताना ती आजही तशीच हात हलवते. मी माझी वात तिच्या हातात दिली. तिने ती दोन बोटांत फिरवली. "पाकिटातली हाय काय?"

"मी केली, मावशी."

"टॉवेलवाल्या, तू तर दोरखंड केलास की रे!" ती हसली, मग माझा अंगठा पकडून कापसावर ठेवला. "जोर न्हाय लावायचा. सोडत जायाचं. कापूस येतोय आपला आपन."

मग मी तुझी जुडी तिच्या हातात ठेवली. गाठीवर बोट गेलं, खोवलेलं टोक लागलं. तिने जुडी नाकाशी नेली. मी विचारलं, "मावशी, वास येतोय का?"

"येतोय की. येनार न्हाय तर! जलम गेला आमचा त्यात." मग ती म्हणाली, "तुझी आई म्हनायची, पोरगं रोज खोटं बोलतंय. म्या म्हनलं, मग इचारतीस कशाला? तर म्हनली, हात हुंगायला तेवडंच जवळ येतंय ते."

मावशीने जुडी माझ्या मुठीत परत दाबली. "ठेवायला केल्या व्हत्या काय तिनं? जळायला केल्या. देवळात ने."

आज सोमवार. मी सकाळी माझ्या वाती घेऊन देवळात गेलो. आता गुरवांचा मुलगा असतो. त्याने समईत एक लावून बघितली. जरा तडतडली, पण टिकली. म्हणाला, "काका, अजून करा. श्रावण आला." घरी येऊन जेवण तयार होईपर्यंत मी सुपापुढे बसलो होतो. हिने दोनदा हाक मारली.

वास येत होता, आई. रोज येत होता. तो जाऊ नये असं मला वाटायचं, आणि तू इतकी घासून हात धुवायचीस. हे लिहिलेलं पोस्टात टाकायचं नाही, सुपाखाली ठेवतो आहे.

तुझी जुडी मी सकाळी देवळात नेली होती. ती शर्टाच्या खिशातच राहिली. येताना मावशीच्या दारात थांबून सांगितलं, "दिली, मावशी." ती म्हणाली, "बरं केलंस," आणि माझा हात ओढून नाकाशी नेला. मग हात सोडला आणि चाचपत माझ्या शर्टाचा खिसा थोपटला.